भिंतीतला रंग आणि भिंतीवरचा रंग

वास्तूंचा इतिहास लिहिताना आमच्याकडे घुमटाची उंची मोजली जाते, कमानीची जात ठरविली जाते, शिलालेखाचे ठसे घेतले जातात. परंतु त्या वास्तूच्या आत येऊन बसणाऱ्या मनुष्यास कोणता रंग दिसत होता, आणि तो त्यास नीट दिसावा म्हणून कोणी कोणता उपाय योजिला होता, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गवंडी आणि सुतार निघून गेल्यावर रंगाऱ्याने येऊन उरकावयाचे शेवटचे काम म्हणजे रंग, अशी एक समजूत रूढ होऊन बसली आहे. ती आमचीही होती. हैदराबादेतील एका दिवाणखान्यात ती सुटली, आणि ती सोडविण्याचे श्रेय आमच्या वाचनास नसून एका वृद्ध स्नेह्यांच्या मंद दृष्टीस आहे.

पत्थरगट्टीच्या रस्त्याने चारमिनाराकडे जाताना बादशाही आशूरखाना लागतो. एका दुपारी आम्ही तेथे गेलो होतो. समवेत असलेल्या स्नेह्यांचे डोळे दोन शस्त्रक्रियांनंतरही अधू राहिले आहेत. वस्तूंच्या कडा त्यांना दिसत नाहीत, उजेड आणि काळोख एवढा भेद मात्र कळतो. बाहेरच्या उन्हातून आतल्या सावलीत आल्यावर ते क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "वरची भिंत उजळलेली दिसते. खाली काही नाही का?" आम्ही पाहिले, तो खालीही तीच नक्षी होती, तोच पिवळा, तोच निळा, तोच हिरवा. डोळस मनुष्य दोन पावले मागे उभा राहिला तर त्यास वर आणि खाली असा फरक चटकन जाणवणार नाही. जवळ जाऊन पाहता उलगडा झाला. वरचा भाग झिलईदार फरशांचा होता. खालचा भाग त्या फरशांसारखा दिसावा म्हणून गिलाव्यावर नुसता रंगविलेला होता. फरशीने दारातून आलेला उजेड परत दिला होता, रंगाने तो गिळला होता. आम्हांस जे सारखे वाटले ते आमच्या स्नेह्यांस मुळीच सारखे नव्हते. ह्या एका भेदाचा माग काढीत आम्ही जे जे पाहिले व वाचले त्याचा हा वृत्तांत आहे.

प्रथम त्या वास्तूविषयी. मोहरमच्या दहाव्या दिवसास आशूरा म्हणतात. इ.स. ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती मारले गेले, त्यांच्या शोकाच्या दिवसांत जेथे अलम उभे करतात ते आशूरखाना. अलम म्हणजे ध्वजाच्या काठीवर बसवावयाचे धातूचे शीर्ष. आमच्या खेड्यापाड्यांत त्याच्या एका प्रकारास 'पंजा' म्हणून सारे ओळखतात. सुलतान महंमद कुली कुतुबशाहाने १५९१ मध्ये चारमिनार उभारून नव्या शहराचा मध्यबिंदू निश्चित केला आणि त्यानंतर काही वर्षांतच, त्याच दशकात, हा आशूरखाना बांधविला. भिंतींवरील फरशांचे काम १६११ च्या सुमारास पुरे झाले. मधल्या भिंतीवर प्रचंड आकाराचे अलम फरशांतच रेखाटले आहेत. त्यांची पाती ज्वालांसारखी वर झेपावतात. बाजूंस षट्कोनांची जाळी आणि वेलबुट्टी आहे. हळदीच्या जवळ जाणारा एक गडद पिवळा रंग सगळ्यांवर मात करतो, आणि त्यास निळा, फिरोजी, हिरवा, तपकिरी व पांढरा हे रंग साथ देतात.

ह्या कामास काशी अथवा काशीकारी म्हणत. काशी म्हटले की आमच्या वाचकांस गंगेचे घाट आठवतील. परंतु हा शब्द इराणातील काशान नगराच्या नावावरून आला आहे, कारण तेथील कुंभार ह्या विद्येत अग्रगण्य होते. काशीचा रंग कुंचल्याने लावलेला नसतो. फरशीच्या अंगावर काचेसारख्या द्रव्याचा लेप देऊन ती भट्टीत भाजतात, आणि त्या लेपात मिसळलेल्या धातूंचा रंग आगीत उमटतो. कोबाल्टपासून निळा, तांब्यापासून फिरोजी आणि हिरवा, मँगनीजपासून जांभळट तपकिरी. पुढे एकेका रंगाची फरशी निराळी भाजून, तिचे नक्षीबरहुकूम तुकडे कापून, ते तुकडे एकमेकांस भिडवून गिलाव्यात बसवितात. एक पान काढावयाचे तर हिरव्याचा एक तुकडा, त्याच्या शिरेस पिवळ्याचा दुसरा, आणि सभोवारच्या निळ्यात त्या पानाच्या आकाराचे भोक. शोभेच्या कामात इतकी चिकाटी क्वचितच आढळते. भट्टीला लाकूड लागते आणि ते थोडेथोडके लागत नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु ते एकदाच लागते. चार शतके होऊन गेली तरी त्या भिंतीच्या वरच्या भागास कोणास पुन्हा रंग द्यावा लागलेला नाही. आजकाल ज्यास टिकाऊपणा म्हणतात आणि ज्याचा हिशेब एका वर्षाच्या खर्चावर मांडतात, त्याचा हिशेब असा शतकांवर मांडून पाहिला तर उत्तर निराळे येते.

ही विद्या कुतुबशाहांनी एकाएकी आणली नाही. हैदराबादेच्या वायव्येस सुमारे १४० किलोमीटरवर बीदर आहे. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील हा जिल्हा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे मराठी तालुके इकडे आले आणि बीदर शहर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. तेथे महमूद गावानाने १४७२ मध्ये बांधविलेल्या मदरशाच्या दर्शनी भिंतीवर काशीचे काम होते. त्यातले थोडे अद्याप जागेवर आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महाल. अली बरीदशाहाच्या कारकीर्दीत, म्हणजे १५४२ ते १५८० ह्या काळात, त्यास आजचे रूप आले. नावाप्रमाणेच तो रंगाचा महाल आहे, पण तेथे रंगाऱ्याचे काम जवळजवळ नाही. कोरीव लाकडाचे खांब आहेत, फरशांच्या तुकड्यांची नक्षी आहे, आणि आतल्या दालनात काळ्याभोर दगडात शिंपल्याचे जडावकाम आहे. हे दालन मोठे नाही आणि त्यात उजेडही बेताचाच येतो. अशा ठिकाणी शिंपला का निवडला असावा हे तेथे उभे राहिल्यावरच कळते. दिवसा दाराकडून येणाऱ्या किरणाने आणि रात्री एका समईच्या ज्योतीने त्या काळ्या दगडातून वेली चमकू लागतात. उजेड कमी आहे म्हणून खिडकी मोठी करावी, हा एक उपाय झाला. परंतु उन्हाळ्यात पोळून निघणाऱ्या दख्खनेत मोठी खिडकी म्हणजे घरात बोलावलेला ताप. त्यापेक्षा जो थोडा उजेड आत येतो तोच भिंतीकडून दुणावून घ्यावा, हा त्या कारागिरांचा विचार आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.

बीदरजवळच अष्टूर येथे बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. १४३६ मध्ये निवर्तलेला अहमदशाह वली ज्या घुमटाखाली निजला आहे, त्याचा अंतर्भाग मात्र फरशांचा नसून रंगविलेला आहे. हिंगुळासारखा तांबडा, गर्द निळा आणि त्यांवर सोनेरी अक्षरे, असे ते काम आहे. सहाशे वर्षे होत आली तरी त्यातले पुष्कळ टिकून आहे, हे आमच्या विवेचनास थोडेसे अडचणीचेच म्हणावे लागेल. कारण भिंतीवरचा रंग टिकत नाही असे सरसकट विधान त्यामुळे करता येत नाही. पाणी आणि ऊन ज्यास शिवत नाहीत असा रंग टिकतो. परंतु तो टिकला तरी दिसतो किती? आत इतका अंधार असतो की दाखविणारा मनुष्य आरसा घेऊन उन्हाचा कवडसा छतावर पाडतो, तेव्हा ते सोने उजळते. रंगीन महालातील शिंपल्यास असा आरसा लागत नाही. ह्याच अष्टूरला उरुसाचा मान एका लिंगायत जंगमाकडे आहे, आणि लिंगायत भाविक ह्या सुलतानास अल्लमप्रभूंचे रूप मानून हिंदू पंचांगाच्या तिथीस तेथे जमतात. ज्या खोलीत असे दोन्ही पंथांचे लोक येतात तेथला रंग दोघांसही आपला वाटेल असा असणे, हा योगायोग असो वा नसो, त्या कबरीच्या इतिहासाचा भाग झाला आहे.

आता पुन्हा आशूरखान्याकडे येऊ. एक गोष्ट आम्हांस प्रथमपासून खटकत होती. शोकाचे घर इतके रंगीत का? मोहरमात काळी वस्त्रे नेसण्याची चाल कुतुबशाही दरबारात होती, पानाचा विडाही त्या दहा दिवसांत वर्ज्य असे. आणि ज्या भिंतींपुढे हा शोक करावयाचा त्या तर एखाद्या बागेसारख्या फुललेल्या. ह्याचे उत्तर आम्हांस दिव्यांत सापडले. अब्दुल्ला कुतुबशाहाच्या काळच्या वृत्तांतात असे वर्णन येते की, आशूरखान्यात दिव्यांच्या ओळी मांडलेल्या असत आणि मोहरमच्या पहिल्या रात्रीपासून दररोज एकेक ओळ अधिक उजळीत जात. म्हणजे ही भिंत दिवसा पाहावयाची नव्हतीच. ती रात्री, आणि तीही दररोज वाढत जाणाऱ्या उजेडात पाहावयाची होती. झिलईच्या फरशीवर हलत्या ज्योतीचे प्रतिबिंब पडले की फरशांत रेखाटलेली ती ज्वालांची पातीही हलल्यासारखी वाटतात. ज्याला वाचता येत नाही, ज्याला फारसीचा गंध नाही, ज्याचा पंथ निराळा आहे, आणि जो गर्दीत मागे उभा आहे, त्या प्रत्येकापर्यंत काहीतरी पोहोचावे अशी ही योजना दिसते. हैदराबादेचा मोहरम कुतुबशाहीपासून केवळ शियांचा कधीच राहिला नाही. सुन्नी आणि हिंदू त्यात येत, नवस करीत, अलमांस फुले वाहत. आमच्या मराठवाड्यातील कित्येक खेड्यांत पंजे बसविण्याचा मान आजही हिंदू घराण्यांकडे आहे, ही त्याच परंपरेची दूरवर पसरलेली मुळे होत. अशा मिश्र समुदायास अक्षरांपेक्षा रंग अधिक जवळचा. भिंतीवर अक्षरेही आहेत आणि ती सुंदर आहेत. पण ती थोड्यांसाठी आहेत. पिवळा रंग सगळ्यांसाठी आहे.

१६८७ मध्ये गोवळकोंडा पडला आणि ह्या भिंतींचे दैव फिरले. औरंगजेबाच्या अमलात आशूरखान्यातील विधी बंद झाले आणि वास्तूचा उपयोग गाड्या ठेवण्यासाठी होऊ लागला. एका राजाचे शोकमंदिर दुसऱ्याची गाडीखान्याची पडवी झाली, हे इतिहासात नवे नाही. आम्हांस नवल वाटते ते एवढेच की, जवळजवळ शतकभर गाड्यांचे आस आणि बैलांची शिंगे ज्या भिंतीस घासली असतील त्या भिंतीवरचे रंग तरीही उरले. पुढे निजाम अलीखानाने, म्हणजे दुसऱ्या आसफजाहाने (१७६२ ते १८०३), वास्तूची दुरुस्ती केली, नेमणूक पुन्हा सुरू केली, आणि पुढल्या बाजूस उंच लाकडी खांबांचा मंडप जोडला. आज आत शिरणारा मनुष्य प्रथम ह्याच खांबांच्या सावलीतून जातो. डोळ्यांस उन्हातून एकदम अंधारात न नेता पायरीपायरीने नेणारा असा मंडप आमच्या देवळांच्या सभामंडपाचाच भाऊ होय.

त्यानंतर आला १९०८ चा पूर. २८ सप्टेंबरला मुसी नदीने जे केले ते हैदराबादकरांच्या घराघरांत अद्याप सांगितले जाते. सुमारे पंधरा हजार माणसे गेली. अफजलगंजच्या इस्पितळाच्या आवारात एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. ते झाड अजून उभे आहे. पुराचे पाणी आशूरखान्यातही शिरले आणि भिंतींच्या खालच्या भागातील फरशा निखळल्या. आग सोसून तयार झालेली झिलई पाण्यास भ्याली नव्हती. तिच्या मागचा गिलावा भिजला, त्याची पकड सुटली, आणि रंग शाबूत असलेले तुकडे चिखलात पडले. पुढे दुरुस्ती झाली तेव्हा त्या जागी नव्या फरशा आल्या नाहीत. त्या बनविणारे हातच दख्खनेत राहिले नव्हते. गिलावा करून त्यावर रंगाने जुन्या नक्षीची प्रतिकृती काढण्यात आली. ती काढणारा कारागीर कुशल होता ह्यात संशय नाही. आम्ही दोन पावलांवरून फसलो हीच त्याची पावती. परंतु वरचा चारशे वर्षांचा रंग ताजा आणि खालचा शंभर वर्षांचा रंग विटलेला, पोपडे धरलेला, असे दृश्य आज त्या एकाच भिंतीवर आहे.

येथे एका दुसऱ्या अनुभवाची आठवण केली पाहिजे, कारण तोही ह्याच संस्थानाचा आहे. अजिंठ्याची लेणी त्या काळी निजामाच्या राज्यात होती. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले संचालक गुलाम यझदानी ह्यांनी त्या चित्रांसाठी जे कष्ट घेतले त्यांचे ऋण मराठी वाचकांवरही आहे. अजिंठ्याचे बहुतेक रंग जवळच्या भूमीतले. तांबडी आणि पिवळी माती, सह्याद्रीच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत सापडणारी हिरवी माती, दिव्याची काजळी, पांढरी माती. दुरून आणलेला असा एक निळा, तो बदख्शानच्या राजावर्ताचा. ह्या मातीच्या रंगांची चित्रे दीड हजार वर्षे त्या अंधारात टिकली. ती जतन करावी ह्या सद्हेतूने निजाम सरकारने १९२० ते १९२२ ह्या काळात इटलीहून लॉरेंझो चेकोनी ह्या तज्ज्ञास बोलाविले. सुटलेला गिलावा त्याने पुन्हा चिकटविला, आणि हे काम मोलाचे झाले. परंतु चित्रांवर लाखेचे रोगणही देण्यात आले. प्रथम रंग उजळले. नंतर ते रोगण पिवळे पडले, काळवंडले, आणि श्वास कोंडलेल्या भिंतीस अपायकारक ठरले. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांना कित्येक दशके ते थर काढीत बसावे लागले. चांगल्या हेतूने दिलेला चकाकीचा हात काढण्यास तो देण्यापेक्षा शतपट वेळ लागतो. झिलई भट्टीत फरशीच्या अंगी भिनलेली असते, म्हणून ती चालते. वरून चोपडलेली चकाकी चालत नाही. आशूरखान्याच्या भिंतींची काळजी वाहणाऱ्यांनी हा धडा डोळ्यांपुढे ठेवावा म्हणून हे येथे सांगितले.

राजांच्या महालांविषयी एवढे बोललो. पण काशीच्या फरशा किती जणांच्या घरी होत्या? अर्थात कोणाच्याही नाही. सामान्य मनुष्याच्या घरातील रंगाचा इतिहास निराळ्या द्रव्यांचा आहे, आणि आमच्या मते तो अधिक मोठा आहे. मराठवाड्यात गावठाणास 'पांढरी' म्हणतात आणि शेतास 'काळी'. काळी आई पिकविते, पांढरीत माणूस राहतो; मातीच्या रंगावरून जगण्याचे असे दोन भाग करणारी भाषा दुसरीकडे सहसा सापडणार नाही. त्या पांढरीची मातीच माळवदावर घालीत, तीच भिंतीस सारवीत. ऐपत असेल तेथे चुना येई. हैदराबाद शहरात तर चुन्याची विद्या फारच वाढली होती. चुनेगच्चीचा गिलावा घोटून घोटून संगमरवरासारखा करीत, आणि आसफजाही अमलातील चौमहल्ला वा देवड्यांची शुभ्र दालने ह्याच चुन्याची. मात्र तेथे जो पांढरा रंग दिसतो तोच, थोडा भरड, गौळीगुडा किंवा शाहअलीबंडा येथील साध्या घरांतही होता. श्रीमंताचा आणि गरिबाचा रंग एकच असण्याचा असा प्रसंग विरळा. दसरा-दिवाळीपूर्वी आमच्या घरांस आणि ईदेपूर्वी शेजारच्या घरांस एकाच बाजारातला चुना, चिमूटभर नीळ घालून, लागे. भट्टीत भाजलेला चुना भिंतीवर चढला की हवेतील कर्बाम्ल वायू शोषून पुन्हा दगड होऊ लागतो. म्हणून तो भिंतीचाच होऊन जातो, तिची ओल बाहेर जाऊ देतो, आणि दरवर्षी नवा पातळ थर पूर्वीच्यास धरून बसतो. एकच दार आणि छतातला एक झरोका असलेल्या घरात ह्या पांढऱ्या भिंती म्हणजे दुसरा दिवाच होता. वाती-तेलाची जी बचत होई ती वेगळी.

त्या पांढऱ्या घरात रंग मोजक्याच जागी असे. भिंतीच्या तळाशी गेरूचा पट्टा, चुलीभोवती शेणाचे सारवण, आणि उंबरठ्यावर हळद. आमच्या घरांत उंबरठ्यास हळदकुंकू वाहतात. तेलुगू शेजारणी तर सारा उंबरठा, ज्यास त्या गडप म्हणतात, हळदीने माखून त्यावर कुंकवाचे ठिपके आणि पांढऱ्या रेघा काढतात. हेतू मांगल्याचा आहे. परंतु ज्या घरात म्हातारी सासू अंधूक डोळ्यांनी माजघरातून ओसरीवर ये-जा करते, तेथे पाय अडखळण्याची जी नेमकी जागा तीच दररोज सकाळी पिवळीधमक केली जाते, हे आमच्या स्नेह्यांनी लक्षात आणून देईपर्यंत आम्हांस कधी सुचले नव्हते. "मला उंबरठा दिसत नाही, हळद दिसते," असे ते म्हणाले. हैदराबादेतीलच एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या संस्था, जी १९८७ पासून कार्य करीत आहे, मंद दृष्टीच्या लोकांच्या पुनर्वसनाकडे लक्ष देतात. आणि पायरीची कड तिच्या पृष्ठभागाहून निराळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाची असावी, हा नियम सार्वजनिक इमारतींच्या सुगम्यतेविषयी केंद्र शासनाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांच्याही विचारात बसतो. नियम झाला हे उत्तम. तो होण्यापूर्वीही घरातील स्त्रिया तो पाळीत होत्या, एवढी नोंद इतिहासात असावी.

जुने ते सारे निर्दोष, असे मात्र आम्ही म्हणत नाही. चित्रकारांचा लाडका हिंगूळ हा पाऱ्याचा आणि पिवळाजर्द हरताळ हा सोमलाचा. पोथीतील चुकलेले अक्षर पुसण्यासाठी हरताळ फासणारे आमचे लेखक कुंचला ओठांत ओला करीत असतील तर त्यांची दया येते. एकोणिसाव्या शतकातील युरोपात तर सोमलाच्या हिरव्या रंगाने रंगविलेले कागद श्रीमंतांच्या शयनगृहांत लागले होते. आणि आमच्याच काळात, तैलरंगांत शिसे घालण्याची रीत इतकी दीर्घ चालली की, घरगुती रंगांत दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक शिसे असू नये हा नियम आपल्या देशात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. खिडकीचे पोपडे खरवडून तोंडात घालणारे मूल कोणत्या घरी नसते?

पुरानंतर हैदराबाद नव्याने बांधले गेले. विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने मुसीवर उस्मानसागर आणि तिच्या उपनदीवर हिमायतसागर हे जलाशय झाले, नगरसुधारणा मंडळाने रस्ते रुंद केले, पत्थरगट्टीच्या दगडी कमानी उभ्या राहिल्या. हळूहळू चुन्याची जागा सिमेंटने आणि सफेदीची जागा डब्यातील रंगाने घेतली. कचेऱ्यांच्या आणि शाळांच्या भिंतींवर कमरेइतक्या उंचीपर्यंत तैलरंगाचा गडद पट्टा आला. तो मळ लपवितो म्हणून सोयीचा. पण त्याच्या मागे ओल कोंडते, लोणा धरतो, आणि दोन पावसाळ्यांत तो पट्टा फुगून सुटतो. मग खरवडणे, पुन्हा रंगविणे, पुन्हा फुगणे. आशूरखान्याच्या खालच्या भिंतीची कथा घरोघरी झाली. अलीकडे पांढऱ्याचे मोल पुन्हा ओळखले जात आहे असे दिसते. तेलंगण शासनाने २०२३ मध्ये छपरांविषयी जे शीत-छप्पर धोरण जाहीर केले त्याचा गाभा, छप्पर उन्हास परतविणारे असावे म्हणजे आतली खोली तापणार नाही, एवढाच आहे. माळवदावर पांढरी पसरणाऱ्या मराठवाड्यातील शेतकऱ्यास हे ऐकून फारसे आश्चर्य वाटणार नाही.

राहता राहिला आशूरखान्याच्या त्या रंगविलेल्या पट्ट्याचा प्रश्न. तो आज विटला आहे आणि त्याचे काहीतरी करावे लागणार. पुन्हा ताजे रंग देऊन नक्कल उजळावी, असे एक मत ऐकू येते. ते आम्हांस मान्य नाही. नकलेची नक्कल दर पिढीस करावी लागेल आणि प्रत्येक वेळी मूळ नक्षीपासून ती थोडी थोडी दूर जाईल. जुन्या तऱ्हेने भाजलेल्या नव्या फरशा बसवाव्या, हे दुसरे मत अधिक भुरळ घालणारे आहे. आमचे वृद्ध स्नेही त्याच पक्षाचे आहेत. ज्यास वरची भिंत दिसते आणि खालची दिसत नाही त्याने खालचीही दिसावी असे म्हणणे स्वाभाविक आहे, आणि इतिहासाच्या नावाने त्यांस अंधारात ठेवण्याचा अधिकार आम्हांस आहे काय, असे त्यांनी विचारले तेव्हा आम्ही तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. तरीही त्या पट्ट्यात १९०८ चा पूर लिहिलेला आहे. हुन्नर हरवलेल्या काळात एका अज्ञात रंगाऱ्याने जे हाती होते त्याने जखम झाकली, हेही लिहिलेले आहे. ते पुसून तेथे चकचकीत फरशा लावल्या तर पुढच्या पाहणाऱ्यास ही भिंत कधी बुडालीच नव्हती असे वाटेल.

म्हणून आमची सूचना मधली आहे, आणि ती कोणासच पुरती रुचणार नाही ह्याची आम्हांस कल्पना आहे. सुटू पाहणारा गिलावा चुन्यानेच धरून ठेवावा. सिमेंट त्यास लावू नये. रंगावर किंवा फरशीवर कोणतेही रोगण देऊ नये. जेथे रंगही गेला आहे आणि फरशीही नाही, तेवढीच जागा घोटलेल्या पांढऱ्या चुन्याची ठेवावी. तो उजेड परत देईल आणि खोटेही बोलणार नाही. फरशी भाजण्याची विद्या शिकणारे कोणी निघाले तर त्यांनी प्रथम एखाद्या वेगळ्या भिंतीवर हात बसवावा, आणि त्या फरशा दोन-चार पावसाळे काढतात की नाही हे पाहावे. तोवर त्या पुराच्या पट्ट्याच्या खाली, जमिनीलगत, मोहरमातील दिव्यांच्या ओळींसारखी दिव्यांची एक ओळ ठेवता येईल. तेवढ्याने आमच्या स्नेह्यांस खालची भिंत दिसेल की नाही, हे त्यांना तेथे नेल्यावाचून आम्ही सांगू शकत नाही.